तलवार असताना ठोसा!

मी कालरेखा. तलवार आहे, आणि साधीसुधी नाही. एका व्हिडिओ गेममध्ये काळ्या डोंगराच्या गुहेत, दगडात कमरेपर्यंत रुतून उभी आहे. पडदा चालू असला की मला बाहेरची खोली दिसते, माणसं दिसतात, त्यांचं बोलणं ऐकू येतं. जे ऐकलं ते सांगते. कीव बीव करू नका, मला ती चालत नाही.

माझा जन्म भट्टीत झाला नाही. एका ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर, सर्दी झालेल्या चित्रकाराने मला कॉम्प्युटरवर काढलं. शिंकता शिंकता पात्याला निळी झळाळी दिली, मुठीत माणिक बसवलं आणि डबा खायला निघून गेला. त्याच्या साहेबाने मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "अजून चमकव." चमकवलं. माझ्या एका घावाला नऊशे गुण ठरले. उघड्या हाताच्या ठोशाला किती? चार! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे माझा संताप कळायला उपयोगी पडेल.

माझा पहिला मालक पंखे दुरुस्त करणारा एक तरुण. बरा होता. माझ्या जोरावर तीनदा राज्य जिंकला आणि शेजाऱ्यांना असा सांगत सुटला जणू घाम त्यानेच गाळला. चौथ्यांदा कंटाळला. गेमचं मशीन कपाटात गेलं, जुन्या वायरींच्या भेंडोळ्याखाली. माणसांचं हे असंच, गरज सरो वैद्य मरो.

वर्षभराने कपाट उघडलं ते त्याच्या थोरल्या बहिणीने. तो तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणते. ही बाई कपडे शिवायच्या कारखान्यात कापड बेतून कापायचं काम करायची. अठरा वर्षं एकच टेबल. मग एके दिवशी कापायच्या मशीनचं पातं तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवरून गेलं. डॉक्टरांनी शिरा जोडल्या, टाके निघाले, बोटं जागेवर राहिली. पण मिटेनात. पेन धरायचं म्हटलं तरी दोन्ही बोटं ताठ, लग्नात रुसून बसलेल्या व्याह्यासारखी.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला एक मऊ चेंडू दिला होता. दोन दिवस दाबला आणि पलंगाखाली भिरकावला. मग तिच्या हाती भावाच्या गेमचा रिमोट आला.

आता इथे नीट ऐका. आमच्या खेळात तलवार चालवायला पुढचं एक बटण असतं, अंगठ्याने दाबलं की झालं. लहान पोरालाही जमेल. पण हातात शस्त्र नसेल तर रिमोटच्या मागचे दोन चाप ओढावे लागतात. डाव्या ठोशाला डावा चाप, उजव्या ठोशाला उजवा. आणि उजवा चाप ओढायला उजव्या हाताची बोटं मिटावी लागतात.

या बाईने गुहेत येऊन मला दगडातून उपसलं, कारण त्याशिवाय खेळ पुढे जात नाही. उपसलं आणि थेट पिशवीत कोंबलं. सुकलेली अळंबी, तीन कुजकी सफरचंदं आणि मी, कालरेखा! आणि स्वतः बाहेर जाऊन बेडकांना बुक्के मारत बसली.

दलदलीतला बेडूक माझ्या नुसत्या सावलीने मरतो. हिला त्याच्यासाठी पंधरा ठोसे लागायचे. त्यातले बारा हुकायचे. लांडग्याने तर तिला इतक्यांदा लोळवलं की शेवटी त्यालाच लाज वाटली असेल.

"ताई, नऊशेची तलवार पिशवीत ठेवून बुक्के काय मारतेस?" भाऊ चहाचा कप घेऊन मागे उभा राहायचा.

"माझी मर्जी."

"अगं, तो बेडूक हसतोय तुला."

"हसू दे. दात पडलेत त्याचे."

खरं कारण तिने त्याला सांगितलं नव्हतं. मला मात्र ठाऊक होतं, कारण तो कामाला गेला असताना कारखान्याच्या मास्तरांचा फोन आला होता, तिने तो स्पीकरवर घेतला आणि मी सगळं ऐकलं. मास्तर म्हणाले, "एक तारखेला ये आणि कात्री चालवून दाखव. जमलं तर तुझं टेबल तुझं. नाहीतर पॅकिंगला बस, घड्या घाल. माझाही नाइलाज आहे."

"जमेल, मास्तर. बोटं अगदी ठणठणीत आहेत," ताई बेधडक खोटं बोलली. फोन ठेवला आणि त्या दोन ताठ बोटांनी पुन्हा रिमोट उचलला. भावालाही तिने हेच सांगून ठेवलं होतं, बोटं बरी आहेत म्हणून. कुणी 'बिचारी' म्हटलेलं तिला सोसत नसे.

म्हणजे कात्रीसाठी चाललं होतं हे सगळं! कात्री! मधोमध खिळा ठोकलेली, जन्मभर चिंध्यांत तोंड खुपसून बसणारी, चहाची पुडी फोडायलासुद्धा लाजत नाही अशी. तिच्यापायी मला कुजक्या सफरचंदांशेजारी ठेवलं. मला इतका राग आला की पातं वितळलं असतं.

खेळाच्या शेवटी पुलावर एक लोखंडी राक्षस उभा असतो. नुसत्या हातांनी लढलं तर डावा ठोसा त्याच्या ढालीवर वाया जातो, लागतो तो फक्त उजवा. आणि असे दोनशे उजवे ठोसे न थांबता बसले तरच तो कोसळतो. ताई पुलापाशी पोचली तेव्हा महिन्याचे दहा दिवस उरले होते. "हा पडला की मी कात्रीला हात लावीन," ती स्वतःशीच म्हणाली, "त्याआधी नाही."

पहिल्या दिवशी अकरा ठोसे. हात असा आखडला की रिमोट मांडीवर पडला. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी तीस. मग सत्तर. बोट मिटताना ती दात-ओठ खायची, डोळ्यांत पाणी यायचं आणि राक्षसाला अशा शिव्या द्यायची की भाऊ आतल्या खोलीतून विचारायचा, "कोण आलंय गं?" सहाव्या दिवशी एकशे चाळीस झाले. मी हसायची थांबले होते, पण तोंडाने कबूल कोण करतंय?

त्या दुपारी ताई व्यायामाच्या बाईंकडे गेली. भाऊ लवकर घरी आला. पडद्यापुढे उभा राहून म्हणाला, "बिचारी! किती दिवस डोकं आपटतेय." त्याने पिशवी उघडली आणि मला बाहेर काढलं.

काय सांगू! चार महिन्यांनी मोकळी हवा. मी तळपले. अंगठ्याने बटण दाबलं, नऊशे! एका घावात राक्षस आडवा आणि मी त्याच्या छातीत उभी. वाटलं, आता कळेल बाईला तलवार म्हणजे काय ते.

ताई आली. चपला काढता काढताच तिला पडदा दिसला.

"हे कुणी केलं?"

"मी! एका घावात खलास. तू उगाच..."

"कुणी सांगितलं होतं तुला?" तिचा आवाज असा फाटला की भाऊ मागे सरकला. "मला राक्षस मारायचा नव्हता रे. मला ही बोटं मिटायची होती! एक तारखेला कात्री धरता आली नाही तर मी जन्मभर घड्या घालत बसायचं?"

"पण तू तर म्हणालीस बोटं बरी आहेत!"

"मग काय म्हणू? बिचारी म्हणवून घेऊ?"

आयुष्यातला माझा सर्वांत मोठा विजय, आणि दोघांपैकी एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय?

थोड्या वेळाने त्यानेच तो जिंकलेला डाव पुसला, खेळ पहिल्यापासून लावला आणि रिमोट तिच्या हातात दिला. चार दिवस उरले होते. पुन्हा बेडूक, पुन्हा लांडगा. बेडूक आता तीन ठोशांत उताणा होई. चौथ्या दिवशी ती गुहेत आली. नव्या डावात मी पुन्हा दगडात होते. भाऊ शेजारी बसला होता आणि काही बोलू नये म्हणून त्याने बिस्किट तोंडात कोंबलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, रिमोट खाली ठेवला आणि बोटं मोजत म्हणाली, "उद्या एक तारीख."

पुलापर्यंत ती पोचलीच नाही. राक्षस अजून उभा आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं. मी समोर दिसेन असा खेळ लावून भाऊ नुसताच बसला होता. त्याने विचारायच्या आत तिनेच पिशवीतून वीतभर रुंद, हातभर लांब निळ्या कापडाचा तुकडा काढला.

"एका वेळी कापडाचा एकच थर कापायचं काम मिळालं, थरांची थप्पी अजून नाही. शेवटी काठ जरा वाकडा गेला बघ. पण टेबल माझं."

भावाने तुकडा दोन्ही हातांनी धरला. मीही बघितला. काठ सरळ होता, शेवटच्या चार बोटांत थोडा वाकडा. मी जन्मात किती राक्षस कापले, मोजदाद नाही. पण सुताचा एक धागा? एकही नाही. नऊशे गुण! कुणाच्या घरचे? त्या शिंकणाऱ्या माणसाच्या ऑफिसात ठरले म्हणून माझे. आयुष्यभर सगळ्यांना तुच्छ लेखलं, त्या सगळ्यांत पोकळ मीच निघाले.

पडद्यावर धूळ साचली होती. ताईने तो तुकडा घेतला आणि पडदा पुसायला लागली.

"अगं ताई, ते जपून ठेव ना!"

"कशाला? उद्यापासून असे ढीगभर कापायचेत."

तो काठ माझ्या पात्यावरून, माणकावरून फिरला. खऱ्या कापलेल्या वस्तूचा मला झालेला तो पहिला स्पर्श. आता तुमच्यापैकी कुणी या गुहेत आलंच, तर एक ऐका. दोन्ही हात धड असतील तर मला खुशाल उपसा. नसतील, तर मला इथेच राहू द्या आणि पुढे जा. बेडूक हसेल. हसू दे.