दसऱ्याचा काळा रंग

जीपच्या स्प्रिंगांचे पाटे एकूण बत्तीस होते. पुढच्या दोन चाकांवर सात-सात, मागच्या दोन चाकांवर नऊ-नऊ. शॉकअप चार, त्यांतले दोन गळके. परळच्या आमच्या इमारतीमागे उभ्या असलेल्या जीपखाली मी चटई टाकली, टॉर्च धरून दोनदा मोजलं आणि वहीत लिहिलं. वर पोलादी पट्ट्यांचे ते काळे, वाकलेले जुडगे होते. उलटे पडून पाहताना ते होड्यांच्या तळांसारखे दिसत होते आणि मी पाण्याखाली असल्यासारखी.

बाहेर मला फक्त पाय दिसत होते. बाबांच्या चपला आणि माझ्या धाकट्या भावाचे, वैभवचे, बूट.

"नवा सेट टाकू या, बाबा," बूट म्हणाले. "नवे पाटे, गॅसवाले शॉकअप. गाडी दोन इंच वर येईल. हे म्युझियम अजून किती दिवस चालवणार?"

"म्युझियम काय रे? दर दसऱ्याला स्वतःच्या हाताने रंगवतो मी ते पाटे."

"रंगवून गाडी मऊ होते का?"

खरी अडचण आईच्या पाठीची होती. सहा वर्षांपूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती माहेरी गेली नव्हती. तिची थोरली बहीण नलूमावशी तिथे सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर राहते; तिला आता वाडीतून खाली उतरवत नाही. राजापूरपर्यंत आई रेल्वेने जाऊ शकत होती. पुढचे चार किलोमीटर जांभ्या दगडांचे, तिथे रिक्षा येत नाही. जीप बाबा आधी नेऊन ठेवणार होते. डॉक्टरांनी यंदा जायला हरकत नाही म्हटलं, पण एक अट घातली: धक्का बसता कामा नये.

धक्का मोजायचा कसा? मी आधी फोनवर आलेख काढला. आईने तो बराच वेळ पाहिला. "यात माझी पाठ कुठेय, स्पृहा?" म्हणाली.

मग मी स्टीलचा वाडगा घेतला. त्यात काठोकाठ चारशे मिलिलिटर पाणी मावत होतं. तो दोन सीटांमधल्या फळीवर चिकटपट्टीने बसवला आणि बाबांनी शिवडीच्या गोदामांपासून जेट्टीपर्यंतच्या फुटक्या रस्त्यावरून ताशी पंधरा किलोमीटरने जीप नेली. जेट्टीवर वाडग्यात एकशे अठरा मिलिलिटर उरलं होतं.

"बघा," वैभव म्हणाला. "संपलेत पाटे."

त्याच रस्त्यावर कुशाबांची शेड आहे. बंदरातल्या ट्रकांचे पाटे ते चाळीस वर्षं दुरुस्त करत आले आहेत. शेडच्या मागे खाडीचा चिखल, आणि ओहोटीला त्यावर दूर गुलाबी रेघ. रोहित पक्षी. कुशाबांच्या हातोड्याचा आवाज तिथपर्यंत जात असावा, पण रेघ हलत नव्हती.

जीप त्यांना दाखवायला नेली त्या दिवशी आईही आली, टॅक्सीने. कुशाबांनी पाट्यांच्या फटीत पातळ पातं सारून पाहिलं. ते शिरलंच नाही.

"साहेब, पाटा पाट्यावर सरकला तर गाडी झुलणार. हे सगळे मिळून एकच ठोकळा झालाय. रंग कोण लावतं?"



"दसऱ्याला लावतात," वैभव म्हणाला. "मग झेंडूचा हार घालतात."

"गाडी पुसा, हार घाला, नारळ फोडा. पाटे कशाला रंगवता? ते थकले नाहीत हो, बांधले गेलेत."

मी एक काळा पापुद्रा सोलून घेतला आणि त्याची कड भिंगाखाली धरली. थर मोजता येत होते, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे. एकोणीस. त्यांतले वरचे सहा बाकीच्यांच्या दुप्पट जाड होते. मी ते मोठ्याने सांगितलं.

"हे सहा असे का हो?" आईने विचारलं.

बाबा खाडीकडे पाहत होते. "तुला नेता येत नव्हतं," ते म्हणाले. "निदान गंजू तरी नये म्हटलं."



"नवा सेटच घालू या ना," वैभव जरा हळू म्हणाला.

"घाल की," कुशाबा म्हणाले. "पण येत्या दसऱ्याला साहेबांचा ब्रश लपवून ठेव."

आईने जीपच्या पायरीवर पाय ठेवून पाहिला. "दोन इंच अजून वर गेली तर मला चढवायला बंदरातली क्रेन आणावी लागेल. आहेत तेच पाटे मोकळे करा. उंची हीच राहू दे."

पाच दिवस लागले. बत्तीसही पाटे सुटे करून जमिनीवर लांबीप्रमाणे मांडले. बाबा रोज सकाळी जाऊन स्वतः रंग खरवडत. काळे पापुद्रे वाऱ्याने उडून चिखलावर जात. कुशाबांनी प्रत्येक दोन पाट्यांमध्ये ग्रीस भरलं, चारही जुडग्यांचे रबरी बुश बदलले, गळक्या शॉकअपच्या जागी तसलेच दोन नवे लावले.

सहाव्या दिवशी तोच रस्ता, तोच वेग, तोच वाडगा. पण या वेळी डाव्या सीटवर आई होती. मी आणि वैभव मागे. भरती येत होती. गोदामांच्या भिंती, गंजलेले नांगर, पाण्यावरचा पांढरा उजेड हे सगळं आमच्या बाजूने सावकाश खाली-वर होत मागे जात होतं. आई हात मांडीवर ठेवून बसली होती.

जेट्टीवर बाबांनी इंजिन बंद केलं. आईने पर्समधून फोन काढला आणि नलूमावशीचा नंबर लावला. रिंग वाजत असताना मी वाडग्यातलं पाणी मोजपात्रात ओतलं, ते स्थिर होईपर्यंत थांबले आणि डोळे पातळीत आणून आकडा वाचला.

तीनशे एकाहत्तर मिलिलिटर.