पाठीमागची हवा

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तकगाडी आहे. नाक बोथट, पाठ भिंतीसारखी सपाट. एका सुताराने माझ्या पोटात फळ्या ठोकल्या आणि मी वस्त्यावस्त्यांतून पुस्तके वाटत फिरू लागले. पुढे, मधल्या बंद काचेआड, चालक बसायचा, मागे त्याची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणत. परत आलेली पुस्तके ती चालत्या गाडीतच लावून टाकायची. मुले माझ्या अंगावरून हात फिरवायची, तेव्हा मला आभाळ ठेंगणे व्हायचे.

मग माझे वय झाले. इंजिन धुरकट झाले. "चालतेय ना, मग चालू द्या," असे म्हणून ग्रंथालयाच्या कार्यालयाने दुरुस्ती पुढे ढकलली. उकाड्यात अक्का मागच्या दाराची खिडकी उघडी ठेवू लागली. डोके दुखले की चष्म्याला दोष द्यायची. धुराचा वास आला की खिडकी आणखी उघडायची.

एका दुपारी भावाने दार उघडले, तर अक्का पुस्तकांवर कोसळलेली. चेहरा इतका पांढराफटक की ओळखू येईना. त्याने तिला उचलून झाडाखाली नेले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "धूर गेलाय छातीत. थोडक्यात वाचल्या."

"पण खिडकी उघडी होती हो," भाऊ पुन्हापुन्हा म्हणत राहिला. मीही सुन्न झाले होते. मागे सोडलेला धूर मागेच राहतो, असे मी जन्मभर धरून चालले होते.

भावाची मुलगी गाड्यांवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा अभ्यास करायची. तिने माझ्या पाठीवर लोकरीचे धागे चिकटवले आणि दुसऱ्या गाडीतून मागोमाग आली. धागे मागे उडायला हवे होते. ते उलटे फिरून दारालाच बिलगत होते. एक टोक गाडीच्या आत आणि दुसरे बाहेर पाठीवर अशा लावलेल्या नळीतले रंगीत पाणीही बाहेरच्या टोकाकडे चढले.

"बाबा, हवा या सपाट पाठीला धरून वळू शकत नाही," ती म्हणाली. "कडेलाच सुटते. मागे भोवरे उठतात, पाठीवरचा दाब उतरतो आणि मागची हवा धुरासकट गाडीकडे ओढली जाते."

"म्हणजे वाऱ्यासाठी उघडलेल्या खिडकीतूनच..."

"हो बाबा. तिथूनच."

त्याने पुढे होऊन ती खिडकी लावून टाकली.

आता माझे इंजिन दुरुस्त झाले आहे. धुराची नळी बाजूला वळवली आहे, मागची खिडकी कायमची बंद आहे. अक्का बरी होऊन आली, पण भाऊ तिला मागे बसू देत नाही.

"बोलत राहा," तो शेजारी बसलेल्या तिला सांगतो. "गप्प झालीस की मी गाडी थांबवून बघतो."

"लहानपणी तर गप्प बस म्हणून रडायचास," ती म्हणते, आणि बोलत राहते.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी गाडी चालते म्हणून ती धड आहे, असे समजू नका. तिला दुखते तेव्हा सांगता येत नाही. तिच्या पोटात तुमचेच कुणीतरी बसलेले असते.