एकाच हौदातले हात

चादरीच्या कारखान्यात रंगाच्या एकाच हौदावर रुद्रप्पा आणि महबूब अर्धं आयुष्य उभे राहिले, पण हात फुटले ते एकट्या रुद्रप्पाचे. महबूबचे हात रंग धुतला की लोण्यासारखे मऊ. रुद्रप्पाच्या बोटांना भेगा, मनगटापर्यंत पुरळ आणि खाज अशी, की भाकरी मोडतानाही जीव नकोसा व्हावा.

शुक्रवार पेठेतल्या शेजारणींकडे उत्तर तयार होतं. याच हौदावर राबलेल्या रुद्रप्पाच्या वडिलांचेही हात असेच होते. त्यांनी म्हणे वारुळापाशी नाग मारला, तो आता लेकाला भोवतोय. बायको गुरम्मा दर पंचमीला दूध वाहून थकली. पण सुट्टीच्या दिवशी नागाचा राग कमी का होतो, हे रुद्रप्पाला कुणी सांगेना!

आता रुद्रप्पा काम सोडणार होता आणि रिवाजाप्रमाणे जागा लेकाला, सिद्धारामला मिळणार होती. त्याचं लग्नही त्याच भरवशावर ठरलेलं. पहिल्या दिवशी नव्या माणसाने उघडे हात कोपरापर्यंत हौदात बुडवून भिंतीवर पंजे उठवायचे, हा खात्यातला शकुन. त्याआधी एकदा छडा लावावा म्हणून रुद्रप्पा लेकाला आणि महबूबला घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी तिघांच्या पाठीला रंग लावलेल्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या, तर रुद्रप्पाची पाठ लालभडक. बाकी दोघांची स्वच्छ.

"सुटलो की!" सिद्धाराम म्हणाला.

"घाई नको," डॉक्टर म्हणाले. "महबूबची कातडी रंगाला सरावलीय. तुझी आणि रंगाची ही पहिलीच गाठ, आणि पहिल्या गाठीत कातडी भांडत नाही. पुढे ती भांडेल की नाही, हे काम करूनच कळेल. असली कातडी घराण्यातून उतरत असावी, पण तुझ्यात उतरलीय का, ते आज सांगता येत नाही."

"मंजे बानं नाग मारला म्हून न्हाय, बाचीच कातडी मला आली म्हून?" रुद्रप्पाला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. गेलेल्या बापाला त्यानेही मनातल्या मनात बोल लावला होता.

सोमवारी सगळं खातं हौदाभोवती जमलं. सिद्धारामने बाह्या वर सारल्या.

"अप्पा, का हुतंय ते बगायची तुमालाच लई हौस. आता कळंल की!"

हौस होती, खोटं कशाला बोला. पण लेकाची बोटं रंगाला टेकणार, तोच रुद्रप्पाने त्याची मनगटं धरली.

"ऱ्हाऊ दे. चल घरला."

"रुद्रप्पा, वारसाची जागा सोडली की गेली," खात्याचा मुकादम, जॉबर म्हणाला. "आनि लगीन?"

"जाऊ दे जागा. लगनाचं बगू."

"पन कळायचं तर ऱ्हाईलंच की," महबूब हळूच म्हणाला.

"न्हाय कळलं तरी चालंल. पोराचे हात घालून न्हाय बगायचं मला."

सिद्धाराम संतापाने मनगटं सोडवून, मागे न बघता निघून गेला. तो दाराबाहेर जाईपर्यंत रुद्रप्पा लेकाच्या त्या कोऱ्या हातांकडेच बघत राहिला.