विहिरीच्या भागापुढं काय?

रविवारी पाच वाजले की लोहाऱ्यात राजशेखरच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरायची नाही. बाया पुढं, गडीमाणसं भिंतीकडंनं, आणि मधोमध चौथऱ्यावर डिश. जुन्या काळी केबलवाल्यांच्या माळवदावर असायची तसली, जाळीची, सहा फुटी. तिला हळदकुंकू लावलेलं, खाली उदबत्त्या पेटलेल्या, बाजूला नारळांचा ढीग. राजशेखर अंघोळ करून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून यायचा, जाळीला कान लावायचा आणि डोळे मिटायचा. दोन-तीनशे माणसं तोंडातून शब्द न काढता बसायची.

"कंपन येतंय," तो सांगायचा. "आज सिग्नल जरा दबतोय. थांबा. हां. ऐका आता. आज रमा मळ्यात जाईल. हातातली घागर सुटंल. आन् घागर खाली पडायची न्हाय, वर जाईल."

सातला टीव्हीवर 'निळा उजेड' लागायची. रमा मळ्यात जायची, घागर सुटायची आणि सरळ आभाळात जायची. घराघरांतून एकच 'अगं बाई' उमटायचं आणि बाया तिथूनच राजशेखरच्या घराकडं तोंड करून हात जोडायच्या.

'निळा उजेड' ही दर रविवारची मालिका. आभाळातून उजेडवाले येतात, निळ्या झोतात माणसं उचलून नेतात आणि रमा नावाच्या एका खेड्यातल्या पोरीशी बोलतात, अशी तिची गोष्ट. लोहारा तिच्यापायी येडं झालं होतं. रमाच्या भावाला उचललं त्या दिवशी गजराबाईंनी उपास धरला. चहाच्या टपरीवर उजेडवाले ज्वारी खात असतील का, यावरून दोघांची बोलचाल बंद झाली. मोबाइलवरच्या 'निळा उजेड परिवारा'त "रमाताई, एकट्या जाऊ नका" असे निरोप पडायचे, जणू रमा ते वाचणार होती. इथवर ठीक होतं. मालिका आवडली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडवलं ते राजशेखरनं. त्याचं म्हणणं, उजेडवाले खरे आहेत. मुंबईच्या लेखकाच्या डोक्यात तेच गोष्ट सोडतात, आणि तीच गोष्ट त्याच्या डिशीत आधी उतरते. "अंतराचा फरक आहे," तो म्हणायचा. "मुंबई लांब पडती त्यांना." आभाळातून आलेल्यांना मुंबई लांब आणि लोहारा जवळ कसं, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. शिवाय तो पैसे घेत नव्हता. पैसे न घेणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं सगळे एकमेकांना सांगायचे आणि गप्प व्हायचे.

सगळ्यात पुढं बसायची श्रीदेवी. बाजारपेठेत तिचं पिको-फॉलचं दुकान. आईवडील लवकर गेले, धाकट्या शंभुलिंगला तिनंच वाढवलं. चोवीस वर्षांचा झाला तरी कुठं टिकून काम करेना. डिसेंबरअखेरच्या येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी दोघांचं भांडण झालं. तो म्हणाला, ट्रकवर जातो. ती म्हणाली, माझ्या छातीवर रोज धोंडा ठेवायचाय का तुला. शब्दाला शब्द वाढला आणि तिनं त्याच्या मुस्कटात मारली, शेजाऱ्यांसमोर. शंभूनं मोबाइल भिंतीवर आपटला आणि गेला. तो गेलाच.

चार महिने ती नातेवाइकांना फोन करत राहिली. मग मालिकेत रमाचा भाऊ उचलला गेला आणि त्याच रविवारी राजशेखरनं तिला हाक मारली.

"श्रीदेवी, तुझा शंभूबी त्यांच्याकडंच हाय. शेवटच्या भागात रमाचा भाऊ पांढऱ्या कपड्यात परत येतो. त्याच दिवशी तुझा भाऊ दारात उभा राहतोय. पण हुडकायचं न्हाय. पोलिसात जायचं न्हाय. हुडकलं की लहर तुटती."

तिनं विश्वास ठेवला. का ठेवला, हे तिला आत कुठंतरी ठाऊक होतं. उजेडवाल्यांनी नेला असेल, तर तो तिच्या थपडेनं गेलेला नव्हता. इतकी मोठी माफी कुणी पदरात टाकली तर कोण नको म्हणेल? पोलिसांसाठी काढून ठेवलेला त्याचा फोटो तिनं पेटीत टाकला आणि दर रविवारी राजशेखरच्या अंगणात सगळ्यांसमोर रडायला लागली. तिला बघून बाकीच्या बाया रडायच्या. तिला बघायला शेजारच्या गावांहून जीप भरून माणसं यायची.

जूनमध्ये एका अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलला तर पलीकडं कुणी बोलेना, नुसता श्वास ऐकू आला. ती तशीच राजशेखरकडं पळाली.

"काळोखवाले हायती ते," तो म्हणाला. मालिकेत उजेडवाल्यांचे वैरी होते, त्यांचं हे नाव. "आवाज चोरतेत. बोललीस तर शंभू तिथंच अडकला बघ. नंबर ब्लॉक कर." तिनं तिथंच, त्याच्यासमोर ब्लॉक केला.

नागपंचमी होऊन तीन आठवडे झाले असतील. शेजारच्या कृषी केंद्रवाल्या गुंडप्पाची आई कर्नाटकातल्या आळंदहून आली होती. मल्लम्मा तिचं नाव. सत्तरीची, दोन्ही भाषा एका तोंडात घोळवून बोलणारी. सुनेच्या साडीला फॉल लावून घ्यायला ती श्रीदेवीच्या दुकानात येऊन बसली. मशीन चालवता चालवता श्रीदेवी मालिकेची गोष्ट सांगत होती.

"आन् काल रमाला पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी भेटली बघा, अव्वा."

"ती त्यांच्यातलीच असती," मल्लम्मा म्हणाली. "सावली न्हाय तिला. पुढच्या येळेला रमा खाली बघती तवा कळतंय."

श्रीदेवीचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. पुढच्या रविवारचं तर अजून राजशेखरनंही सांगितलं नव्हतं.

"अव्वा, तुमाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल ग? बघितलीय की. आमच्याकडं कन्नडात झाली ही. पाच वर्षं झाली. नाव दुसरं होतं. तुमची रमा, आमची गौरम्मा. बाकी तीच घागर, तीच म्हातारी."

श्रीदेवीनं साडी बाजूला सारली. "मग शेवटी भाऊ येतो ना तिचा?"

"शेवट कुठला ग पोरी? बंदच पाडली मेल्यांनी. गौरम्मा विहिरीत उतरती, खालनं उजेड येतोय, एवढं झालं आन् पुढच्या ऐतवारी त्या टायमाला सासू-सुनंचं कायतरी लागलं. आमी महिनाभर वाट बघितली. भाऊ गेला तो गेलाच."

गुंडप्पानं मोबाइलवर शोधलं तर पाच मिनिटांत सगळे भाग सापडले. घागर कन्नडातही तशीच वर गेली होती. मग त्यानं मराठी मालिकेची सुरुवात थांबवून दाखवली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'मूळ कन्नड मालिकेवर आधारित'. सहा महिने दर रविवारी ही ओळ सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोरून गेली होती. तेवढ्या वेळात सगळे शीर्षकगीत म्हणायचे. आणि राजशेखर पाच-सहा वर्षांपूर्वी गुलबर्ग्याकडं घरोघरी डिश बसवत फिरायचा, हे कुणापासून लपलेलं होतं? श्रीदेवीलाही माहीत होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात, एवढंच तिला सुचलं नव्हतं.

मल्लम्माकडून तिनं पुढचे तीन भाग मापाच्या वहीत लिहून घेतले. लिहिताना तिला शेवटपर्यंत वाटत होतं की हे खोटं निघावं.

रविवारी ती मल्लम्मा आणि गुंडप्पाला घेऊन अंगणात येऊन बसली. राजशेखरनं डिशीला कान लावला तशी ती उभी राहिली.

"अण्णा, आज मी सांगते." वही उघडून ती वाचायला लागली. "आज रमा खाली बघंल, म्हातारीला सावली नसंल. पुढच्या रविवारी रमाची म्हैस निळं दूध देईल. त्याच्या पुढच्या रविवारी रमा विहिरीत उतरंल."

राजशेखरच्या तोंडचं पाणी पळालं. आणि झालं काय, तर गजराबाई उठल्या, पुढं आल्या आणि श्रीदेवीच्या पायाशी वाकल्या. "बाई ग, तुलाबी कंपन आलं." मागून कुणीतरी कुंकवाचा करंडा पुढं केला. दोन बायांनी डोक्यावर पदर घेतला. कपाळाला हात लावावा अशी ही माणसं. राजशेखरनंही संधी सोडली नाही. "म्याच तिला लहर दिली सकाळी," तो म्हणाला. "तिची भक्ती लई मोठी."

श्रीदेवीनं गजराबाईंना धरून उठवलं. "मावशी, मला कुणी लहर दिली न्हाय. ह्या मल्लम्मा अव्वांनी सांगितलं, आन् त्यांनी टीव्हीवर बघितलंय." मग ती राजशेखरकडं वळली. "अण्णा, एवढंच सांगा. विहिरीच्या भागापुढं काय?"

"भाऊ येतो. पांढऱ्या कपड्यात."

"ते शेवटी. विहिरीच्या लगेच पुढच्या भागात काय?"

त्यानं परत कान लावला. "ढग आलेत," तो म्हणाला. दोन-तीनशे माणसांनी माना वर केल्या. आभाळ लख्ख होतं.

"त्याला कुठनं कळंल?" मल्लम्मा बसल्या जागेवरून म्हणाली. "तिथं बंदच पडली न्हवं का."

गुंडप्पाचा मोबाइल हातोहात फिरला. सगळ्यांनी गौरम्माची घागर वर जाताना बघितली. कुणी हसलं, कुणी शिवी घातली, कुणी आपला नारळ उचलून घ्यायला लागलं. गजराबाई मोबाइल हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी कपाळाला लावलेलं डिशीचं कुंकू पदरानं पुसलं.

श्रीदेवी चौथऱ्यापाशी गेली. "मालिकेचं जाऊ द्या. शंभू येणार म्हणून का सांगितलंत? हे तर त्या मालिकेतबी नव्हतं. मी तुमाला अण्णा म्हणत होते."

राजशेखर भस्म पुसत होता. "म्या फक्त म्हणलो," तो म्हणाला. "खरं तू धरलंस. तू रडायचीस, माणसं यायची. बरं वाटायचं तुलाबी. त्यात तुझं काय गेलं?"

काय गेलं ते तिला त्याच क्षणी आठवलं. तिनं मोबाइल काढला, ब्लॉक केलेला तो एकच नंबर मोकळा केला आणि लावला. गुंडप्पानं मोबाइल धरून आवाज मोठा केला.

"कोण, शंभूची बहीण?" पलीकडून एक जाडा आवाज आला. "लई उशीर केलात, ताई. उमरग्याच्या पुढं, हायवेवर माझा ढाबा हाय. जानेवारीपासनं माझ्याकडंच होता की पोरगं. जूनमध्ये एकदा तुमाला फोन लावला त्यानं, पण तोंडातनं शब्द फुटंना. म्हणला, पंचमीला जाऊन सरळ पाया पडतो. पंचमीच्या आधल्या दिवशी बांगड्या आणल्या तुमच्यासाठी. त्याच दिवशी निघायच्या आधी परत फोन लावला, चारदा. लागलाच न्हाय. दुसऱ्याच्या फोनवरनं लावला तर नुसताच वाजत ऱ्हायला, कुणी उचलला न्हाय. बहिणीनं तोडलं म्हणला. दुपारच्याला एका ट्रकात बसून हैदराबादकडं गेला. गाडी कुणाची ते म्या बघितलं न्हाय. बांगड्या हिथंच हायती."

उमरगा. एसटीनं तासाभराची वाट. सात महिने तिचा भाऊ तासाभराच्या वाटेवर टेबलं पुसत होता आणि ती इथं बसून आभाळ बघत होती. पंचमीच्या आधल्या दिवशी ती दुकान बंद करून, मोबाइल घरात ठेवून कुठं गेली होती, हे तिला पक्कं आठवलं. याच अंगणात डिशीखालचा चौथरा सारवायला आली होती.

ती खाली बसली नाही, रडलीही नाही. तिच्या रडण्याची सवय झालेली माणसं तिच्याकडं बघत थांबली होती.

"आज रडायची न्हाय मी," ती म्हणाली. "मालिका बघा. मीबी बघणार. पण उद्याचं कुणी आज सांगाय लागला, तर पाया पडायच्या आधी त्याला इचारा की तुला कळलं कुठनं. एकानं जरी इचारलं असतं ना, मीच इचारलं असतं, तर माझा भाऊ पंचमीला घरी असता. आन् ज्याचं माणूस हरवलंय त्यानं ते रस्त्यावर हुडकावं. आभाळात कुणी न्हाय आपलं."

अंगण हळूहळू मोकळं झालं. तरी भिंतीकडचे दोघंतिघं जाता जाता म्हणालेच, की काही असो, माणूस पैसे तर घेत नव्हता.

सोमवारी सकाळी श्रीदेवीनं पेटीतला फोटो काढला आणि पोलीस ठाण्यात जाऊन बसली. हवालदारानं नाव, वय, उंची, अंगावरचे कपडे, सगळं विचारून लिहून घेतलं.

"घरातून जाऊन किती दिवस झाले?"

"आठ महिने."

त्यानं पेन थांबवलं आणि मान वर केली. "आठ महिने? मग इतके दिवस तुम्ही काय करत होता, ताई?"

"टीव्ही बघत होते, साहेब," ती म्हणाली. "तसंच लिहा."