सासऱ्यांची मूठ

सरकारने पाव-बिस्किटांतल्या मिठाला मर्यादा घातली, तेव्हा गल्लीतल्या बेकरीत पहिला धक्का बसला तो सासऱ्यांच्या मुठीला. चाळीस वर्षं ते मैद्याच्या ढिगावर डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन मूठभर मीठ टाकत आले होते. वजनकाटा आणला तो सुनेने, कारण नियमात ग्रॅम लिहिले होते, मुठी नव्हत्या.

नियमावर तिचा राग नव्हता. तिचा नवरा रक्तदाबानेच गेला होता, चाळिशीही न गाठता. देवाने जीभ दिली तसं काळीजही त्यानेच दिलं. एकाचे लाड करताना दुसऱ्याला विसरायचं कसं?

पण मीठ कमी झालं की यीस्टला लगाम राहत नाही. कणीक भराभर फुगते, हाताला चिकटते आणि भट्टीत गेल्यावर मान टाकते. मोठ्या कारखान्यांकडे हे सांभाळायला प्रयोगशाळा होत्या. इथे दोघंच.

समोरच्या शिंप्याने पहिला पाव उलटसुलट करून पाहिला. "हा पाव आहे की चुरगळलेली टोपी? इस्त्री करून देऊ का?"

गिऱ्हाईक तुटायला लागलं. त्यात तपासनीस बाईंनी नेलेल्या नमुन्यात मीठ निघालं मर्यादेच्या दुप्पट.

"बाबा?" सुनेने विचारलं.

सासरे भट्टीकडे बघत राहिले. "तू मोजून घातलंस, ते पाहिलं होतं मी. तरी हात गेला. लोक फिका म्हणून पाव परत आणतात गं, जीव तुटतो."

"आठ दिवसांनी पुन्हा नमुना नेणार आहेत. तोही चुकला तर भट्टी तीन महिने बंद. मग कोणाला खाऊ घालणार?"

"मग काय, हात कापून ठेवू?"

"नको. मला लागणार आहे तो."

मीठ घाई रोखत होतं. आता घाई आपणच रोखायची, असं तिने ठरवलं. यीस्ट निम्म्याहून कमी केलं. कणीक संध्याकाळी मळून मागच्या गार खोलीत, ओल्या कापडाखाली ठेवली. सावकाश फुगली तर कणकेची स्वतःची चव खुलेल, असा तिचा हिशोब. पहिला घाणा आंबट झाला, दुसरा दगड. तिने त्यांचे टोस्ट भाजले आणि पुन्हा मळायला बसली. गारवा रोज वेगळा असायचा, त्यामुळे कणीक केव्हा तयार झाली हे घड्याळाला सांगता येईना. सासऱ्यांच्या तळव्याला यायचं. पहाटे ते कापड बाजूला करून तळवा टेकवत. "अजून नाही." मग थोड्या वेळाने, "हं, आता."

आठव्या दिवशी नमुना गेला. कागद आला तो पास होऊन.

खारी बिस्किटं मात्र त्या मर्यादेत बसेनात, ती कायमची बंद झाली. त्यांची बरणी रिकामीच होती. शिंपी त्या बरणीवर कोपर टेकून पाव चावत म्हणाला, "मीठ वाढवलंत ना शेवटी?"

"कमी केलंय, भाऊ."

"थापा!"

तिने कागद पुढे केला. "वाचा. नाहीतर इस्त्री करा."

सासरे हसले नाहीत. त्यांनी मिठाचा डबा आपल्या जागेवरून उचलून तिच्या काट्याशेजारी ठेवला आणि हात धुतले.

"सूनबाई, आज कणीक थोडी लवकर मळू. बाहेर गारठा वाढलाय."