न धुतला जाणारा ठिपका

थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी रंगाऱ्यानं काम सोडलं. वयाच्या नवव्या वर्षापासून त्याचे हात निळीच्या पिंपात. सूत बुडवायचं, पिळायचं, वाळत घालायचं. कोपरापर्यंत माणूस कायमचा निळा. आता नातवंडांना घ्यायचं म्हणून बायको रोज त्याचे हात घासायला बसे. हळूहळू कातडीचा रंग वर आला. डाव्या मनगटावर मसुरीएवढा ठिपका मात्र निळाच राहिला.

“हा काही केल्या निघत नाही हो.”

“जन्मभराचा रंग तो, एका साबणात जाईल होय?”

पण ठिपका बोटाला किंचित उंच लागला. तिचा हात थांबला. रंगाऱ्याची मोठी बहीण, अक्का, हिचे यजमान तळपायावरच्या काळ्या तिळाच्या कॅन्सरनंच गेले होते.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावलेलं भिंग ठिपक्यावर टेकवलं. “कडा नीट आहेत, रंग एकसारखा आहे. तिळाचा रंग कातडीत खोल असला की तो निळा दिसतो. बहुधा निरुपद्रवी. कधीपासून आहे?”

पिंपात हात घालण्याआधीचं मनगट रंगाऱ्याला आठवेना. निळ्या हातावरचा निळा ठिपका कोण बघणार? बायकोलाही लग्नापासून निळाच हात ठाऊक.

“नवा असेल तर कापून तपासायला पाठवू. लहानपणापासून असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं.”

कापायचा दिवस ठरला. अक्काला सांगायचं नाही, असंही ठरलं. तिनं एकदा सोसलं, तेवढं पुरे.

आदल्या दिवशी अक्का जुळी बघायला आली. एकाला भावाच्या हातात देताना तिला मनगट दिसलं. रंगाऱ्यानं बाही ओढली, तोवर उशीर झाला होता.

“अगं बाई, हा अजून आहे?”

“अजून म्हणजे?”

“तू रांगत होतास. आईला वाटलं, मीच शाईनं टिंब काढलं. एक थोबाडीत दिली मला. मग ओल्या फडक्यानं घासत बसली. तू भोकाड पसरलंस, म्हणून आणखी एक. तीही मलाच!”

“केवढा होता तेव्हा?”

“एवढाच. हात इवलासा, म्हणून मोठा वाटायचा.”

 मग बायकोनं अक्काला सगळं सांगितलं.

“आणि मला विचारलं नाहीत?” अक्का म्हणाली. “शहाणेच आहात!”

दुसऱ्या दिवशी अक्काही दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, ठिपका मोजला, फोटो काढला. “राहू द्या. वाढला किंवा बदलला तर लगेच या.”

तो वाढला नाही. अक्का तीन वर्षांनी हिवाळ्यात झोपेत गेली. तिच्यानंतर सात वर्षांनी रंगारी दम्यानं वारला.