मुंगीचं गाणं

कवळीकर हे त्याचं आडनाव नव्हतं. तो दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून त्याच्या मित्राने, लंबूने, त्याला ते नाव ठेवलं. ते इतकं चिकटलं की बँकेत कुणी खऱ्या नावाने पुकारलं, तर हा क्षणभर इकडेतिकडे बघत राही.

एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्याचं काम चाले. प्लास्टरचे जबडे ओतायचे, त्यावर मेणात दात रोवायचे, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करायच्या. केसांत कायम पांढरी धूळ, कानांत कायम गाणी. संध्याकाळी घरी आला की हात धुऊन सरळ आतल्या खोलीत. तिथे त्याचा संसार होता. कपाटभर कॅसेटी, रेकॉर्डी, भिंतभर पोस्टरं, कार्यक्रमांचे बिल्ले, प्लास्टिकच्या पिशव्यांत घडी करून ठेवलेले आणि कधीही न घातलेले टी-शर्ट. त्याच्या आवडत्या बँडमधल्या चौघांच्या छोट्या बाहुल्याही होत्या, खोक्यातून न काढलेल्या.

"बाहुल्या आणायच्या आणि खोक्यातून काढायच्या नाहीत," आई म्हणायची. "चार वर्षांचा होतास तेव्हा जास्त शहाणा होतास." आणि लग्नाचा विषय निघाला की, "येणाऱ्यांना बसवू कुठे? खुर्चीवर ढोल ठेवलाय."

लंबू त्याला एका कार्यक्रमात भेटला होता, अगदी पुढे, रंगमंचासमोरच्या कठड्यापाशी. दोघं तेव्हा पंचविशीतले. त्या बँडचा एकही कार्यक्रम दोघांनी पुढे कधी सोडला नाही. दुपारपासून रांगेत उभं राहायचं, डब्यातलं वाटून खायचं आणि वाद घालायचा. जुना ड्रमर बरा होता की नवा, कुठल्या गाण्यात गिटारवाला चुकतो आणि ती चूकच कशी कानाला गोड लागते. लंबू एका कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याला बायको आहे, मूलबाळ नाही, एवढंच कवळीकरला माहीत होतं. घरी जाणंयेणं नव्हतं. त्याची गरजच कधी पडली नव्हती.

मग एका कार्यक्रमाला लंबू आला नाही. फोन बंद. कवळीकरने दाराशी त्याची वाट बघितली, शेवटी मागे उभं राहून एकट्याने कार्यक्रम पाहिला आणि मनातल्या मनात त्याच्यावर चिडून घरी आला. त्यानंतरच्या कार्यक्रमालाही तो दाराशी वाट बघून मागेच उभा राहिला, लंबू आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो लिफ्टच्या कंपनीत जाऊन थडकला.

"तो होय," तिथला मुकादम म्हणाला. "त्याला झटका आला की. कामावर नाही, घरीच, सकाळी दाढी करताना. आता उजवी बाजू लुळी आहे आणि बोलणं गेलंय."

पत्ता घेऊन तो रविवारी निघाला. इमारतीतली लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला धाप लागली. दार एका बुटक्या, चपळ बाईने उघडलं.

"कवळीकर भाऊजी ना तुम्ही?" ती म्हणाली. "या. यांना तुमची फार सवय. म्हणजे होती."

लंबू खिडकीशी खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. कवळीकरला बघताच त्याचा चेहरा उजळला. "तेच," तो म्हणाला. "तेच, तेच, तेच."

"एवढंच येतं," वहिनी म्हणाली. "पाणी हवं तरी तेच, दुखलं तरी तेच. मी आपली अंदाजाने चालते."

चहा आला. आयुष्यभर या माणसाशी कवळीकर एकाच विषयावर बोलला होता आणि आजारी माणसासमोर तो काढणं त्याला बरं वाटेना. शेवटी रांगेत धरायचा तसा त्याने खुर्चीच्या दांडीवर बोटांनी ठेका धरला, त्या बँडच्या एका जुन्या गाण्याचा. लंबूने डोळे मिटले आणि तो गायला लागला. शब्दांसकट, सुरांसकट, अख्खं कडवं.

वहिनी ओल्या हातांनी आतून धावत आली. "बोलले? हे बोलले?" ती त्याच्यासमोर खाली बसली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून. "बोला ना. अजून बोला."

"तेच," लंबू म्हणाला आणि हसला.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्यांनी सांगितलं की असं होतं. बोलणं गेलेल्या कित्येकांना गाता येतं, पाठ असलेलं बाहेर पडतं. त्यातून बोलणं परत येईलच असं नाही, पण गाऊ द्या, त्यांना बरं वाटेल.

मग कवळीकर दर रविवारी जायला लागला. पिशवीत कॅसेटी आणि जुना टेपरेकॉर्डर. दोघं ओळीने गाणी लावत, लंबू गाई, कवळीकर ठेका धरी. जुन्या ड्रमरचं गाणं लागलं की लंबू डावी मूठ वर करी, नव्याचं लागलं की तोंड वाकडं. वाद अजून चालू होता. घरी आई विचारी, "कसा आहे तो?" आणि कवळीकर म्हणे, "गातो." त्यापुढे त्याला सांगता येत नसे.

वहिनी सुरुवातीला कौतुकाने बसे. पुढे पुढे ती स्वयंपाकघरातच राहायला लागली. एका रविवारी जिना उतरेपर्यंत ती त्याच्यासोबत आली, औषध आणायचं निमित्त करून.

"तुम्हाला एक विचारू?" ती म्हणाली. "इतकी गाणी येतात त्यांना. प्रेमाची येतात, पावसाची येतात, कुणा परक्या बाईची येतात. माझं नाव तेवढं येत नाही. मला ते मुंगी म्हणायचे. मी सारखी काहीतरी उचलून चाललेली असते म्हणून. लग्न झाल्यापासून दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. आता घर इतकं गप्प वाटतं." मग म्हणाली, "ते नाव गाण्यातूनच उचललं होतं त्यांनी. त्यांच्याकडे एक कॅसेट होती, लग्नाच्या आधीची. टेपमध्ये अडकून तिचा पार गुंता झाला. नवीन कुठे मिळाली नाही."

"शब्द आठवतात?"

तिने लाजत, कुणी ऐकत नाही ना बघून, म्हटलं, "मुंगे, थांब जरा, कुठे चाललीस एवढं घेऊन."

कवळीकर जागच्या जागी उभा राहिला. ते गाणं त्याने कधी ऐकलं नव्हतं, पण मुंगीचं गाणं कुठल्या कॅसेटवर आहे, हे संग्राहकांकडून त्याला ठाऊक होतं. तो बँड नावारूपाला येण्याआधी चौघांनी एका गॅरेजमध्ये बसून एक कॅसेट भरली होती. मित्रमंडळींत वाटण्यापुरत्या थोड्या प्रती काढल्या होत्या. कवळीकर तिच्यासाठी कित्येक वर्षं जीव टाकत होता. आणि लंबूकडे ती होती, त्याने कधी म्हटलंसुद्धा नव्हतं. रांगेत इतकं बोललो आणि हे तेवढं त्याने स्वतःजवळ ठेवलं, हे त्याला थोडं लागलं आणि लगेच समजलंही.

दूरच्या गावातल्या एका न्हाव्याकडे ती कॅसेट असल्याचं सगळ्या संग्राहकांना ठाऊक होतं. तो ती देणारा नव्हता. विकतही नाही, उसनीही नाही. अदलाबदल करीन म्हणाला, पण त्याला हवं होतं ते कवळीकरच्या पलंगामागच्या भिंतीवरचं पोस्टर, बँडच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाचं, चौघांच्या सह्यांचं. ते मिळवायला कवळीकर एकदा तापात फणफणत कलाकारांच्या दारापाशी उभा राहिला होता. त्याने दोन दिवस विचार केला. मग टाचण्या काढल्या, पोस्टर गुंडाळलं आणि न्हाव्याच्या दुकानात नेऊन दिलं. न्हाव्याने कॅसेट दोन्ही हातांनी पुढे केली आणि त्याची दाढी फुकट करून दिली.

"भिंत मोकळी कशी?" आईने विचारलं.

"दिलं एकाला."

आईने पलंगावर राहिलेल्या टाचण्या वेचून डबीत ठेवल्या.

रविवारी त्याने कॅसेट लावली. आवाज घोगरा होता, गिटार बेसूर, मध्येच कुणाचं तरी हसणं. पहिल्या सुरालाच लंबू खुर्चीत सरळ झाला. आणि वेळ आली तशी त्याने तोंड उघडलं. "मुंगे, थांब जरा, कुठे चाललीस एवढं घेऊन..."

आत भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी दारात आली, मग खोलीत, मग त्याच्या अगदी समोर. लंबू गात होता, नजर टेपरेकॉर्डरवर. तिने त्याची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं. तो तिच्याकडे बघत गायला. मुंगे आलं, पुन्हा आलं, तिसऱ्यांदा आलं. मग गाणं संपलं. टेप पुढे सरकला आणि दुसरं गाणं सुरू झालं, कुठल्याशा फुटक्या सायकलीचं. लंबूने तेही तितक्याच आनंदाने म्हटलं.

तिने टेप बंद केला. "मला हाक मारा ना," ती म्हणाली. "आता मारली तशी. एकदा."

लंबूने प्रयत्न केला. कपाळावरची शीर फुगली, ओठ जुळले, उघडले. "तेच," तो म्हणाला, आणि त्याला कळलं की हे ते नव्हे. तो रडायला लागला. वहिनी त्याचे डोळे पुसत राहिली, स्वतःचे न पुसता.

पुढच्या रविवारी तिने दारातच कवळीकरला थांबवलं.

"रागावू नका, भाऊजी. तुम्ही केवढी धडपड केलीत ते मला कळतं. पण मी घरात असताना ते गाणं लावू नका. ते गाणं म्हणतात, हाक नाही मारत. मला फरक कळतो हो."

"माझंच चुकलं," कवळीकर म्हणाला.

"कुणाचंच चुकलं नाही. म्हणून तर कुणावर ओरडताही येत नाही."

त्यानंतर तो आला की ती भाजीला जाई. लंबूला ते गाणं हवं असलं की तो कॅसेटकडे बोट दाखवी. कवळीकर आधी दार लागल्याची खात्री करी आणि मगच लावी.

थंडी सरता सरता लंबूला दुसरा झटका आला. कवळीकर कामावरचा पांढरा कोट तसाच घालून रुग्णालयात पोचला. दुपारची वेळ, मोठ्या खोलीत पडदे ओढलेले, पलीकडे कुणीतरी खोकत होतं. तो पडद्यापर्यंत गेला आणि थांबला. आतून बारीक आवाज येत होता. वहिनी गात होती. सूर सापडत नव्हता, पण शब्द एकही चुकत नव्हता. मुंगीने साखरेचा दाणा कसा उचलला, भिंत कशी चढली, सगळं. भाजीला म्हणून बाहेर पडलेली बाई जिन्यात बसून ते ऐकत असणार, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. ती लंबूच्या कानाशी वाकून गात होती. गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

लंबूने डोळे उघडले नाहीत. कवळीकर पडद्याबाहेर स्टुलावर बसून राहिला. संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले, आणि त्यानंतर थोड्या वेळाने सगळं संपलं.

वहिनी महिनाभराने बहिणीकडे राहायला गेली. सामान बांधायला कवळीकर आला होता. लंबूचे टी-शर्ट, बिल्ले, कार्यक्रमांचे फोटो तिने एका पेटीत भरून त्याच्या हवाली केले.

"आणि ही तुमची कॅसेट."

"राहू दे तुमच्याकडे."

"तुमचं पोस्टर गेलं तिच्यापायी. यांच्या कार्यक्रमांतले एकजण भेटायला आले होते, ते म्हणाले मला."

"राहू दे, वहिनी."

तिने ती पर्समध्ये ठेवली. बहिणीकडे टेपरेकॉर्डर नाही, असं म्हणाली. कवळीकरने स्वतःचा तिच्या पिशवीत घातला.

उन्हाळ्यात तो बँड पुन्हा आला. कवळीकर दुपारी रांगेत उभा राहिला, दार उघडल्यावर पळत जाऊन त्याने पुढची जागा धरली. गाणी सुरू झाली तशी मागून गर्दी रेटायला लागली. कठडा त्याच्या बरगड्यांत रुतला. पुढे उभं राहून असं कधी झालं नव्हतं. इतकी वर्षं लंबू त्याच्या मागे उभा राहून दोन्ही हात कठड्यावर टेकवायचा, आणि सगळा रेटा स्वतःच्या पाठीवर घ्यायचा. कवळीकरला वाटायचं, त्याची उभं राहायची तऱ्हाच तशी आहे.

चौथ्या गाण्याला तो वाट काढत बाहेर आला.

आईने दार उघडलं. "आज लवकर?"

"हं."

"बरा नव्हता का कार्यक्रम?"

"चांगला होता." त्याने चपला काढल्या आणि तिथेच दाराशी, भिंतीला टेकून खाली बसला. आई जवळ आली. गुडघे धरत, हळूहळू, ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि त्याची पाठ चोळत राहिली.